उजवा कौल

ताई गेली ती वाटेतच. गणपती होऊन थोडे दिवस झाले होते. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आमच्याकडे देवबागला आली होती. मुलगी झाली, पण ताईचं रक्त थांबेना. सुईणीने हात टेकले, तेव्हा शेजारच्या माणसांनी तिला खाटेवर घातलं आणि किनाऱ्याच्या वाळूतून मालवणच्या डॉक्टरकडे निघाले. मी खाटेला धरून चालत होते. तारकर्लीच्या आसपास तिचा हात माझ्या हातात गार पडला. माणसं खाट खाली न ठेवता तशीच मागे वळली.

माझं मुंबईला जायचं तेव्हा ठरलेलं होतं. मी मराठी सातवीची फायनल पास झाले होते. मुंबईत नोकरीला असलेल्या दादाने एका इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायला माझी सोय केली होती. पावसाळ्यात बंद असलेली आगबोट सुरू झाली की निघायचं, म्हणून ट्रंकही भरून ठेवली होती. ताईला तसं जाताना पाहिल्यावर तर मला दुसरं काही सुचेना. आता हेच शिकायचं, असं मी बाबांना सांगितलं.

पण घरात ते तान्हं पोर होतं. भावजी बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा येणार, आणि त्यांच्या घरी दुसरं कुणी नाही. आई दम्याने बेजार, दोन पावलं चालली की बसायची. मुलीला कोण बघणार, हे काही ठरेना. शेवटी बाबा म्हणाले, आपण देवीला विचारू.

आमच्याकडे अडलं की गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या फुलकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गावातल्या सगळ्यांची गाऱ्हाणी, म्हणजे देवीपुढची विनवणी, बाबाच घालायचे. त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, ह्या चेडवान घराक रवान पोराक वाढवचा, अशी तुझी इच्छा आसात, तर उजवो दी."

उजवी कळी पडली.

मला कुणी जबरदस्ती केली नाही. माझाही विश्वास होता. देवीला पुढचं दिसतं, मला दिसत नाही, असं मनाला सांगून मी घरी आले आणि ट्रंकेतली लुगडी काढून दांडीवर टाकली. आईने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. "आता तूच तिची आवस," एवढंच ती म्हणाली.

शेळीचं दूध कापसाच्या वातीने पाजून मी तिला जगवली. ती रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहिली, मला आये म्हणू लागली. त्या दिवसांत मुंबई मला क्वचितच आठवायची. देवीने हेच दाखवायला मला थांबवलं, असं वाटायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात तिचा घसा धरला. ताप उतरेना, दूध गिळता येईना. बाहेर समुद्र खवळलेला, वाटेत गुडघाभर पाणी. तरी बाबांनी मालवणहून डॉक्टर आणला. त्याने तिचा घसा बघितला आणि बाबांना बाहेर नेऊन सांगितलं, घटसर्प आहे, फार उशीर झाला. संध्याकाळच्या आत ती गेली. श्वासासाठी तिची चाललेली धडपड मी मांडीवर घेऊन बघत राहिले. ताईच्या वेळी काय करायचं ते कळत नव्हतं, तिच्या वेळीही कळलं नाही.

बारा दिवसांनी मी देवळात गेले. विचारायला गेले होते, पण नुसती खांबाला टेकून बसले. मागून बाबा आले. इतकी वर्षं सगळ्यांची गाऱ्हाणी घालणारा तो माणूस माझ्याशेजारी खाली बसला.

मी विचारलं, "तिका न्यायची होती, तर माका कित्याक ठेवल्यान?"

त्यांनी पाषाणाजवळची सुकलेली फुलं गोळा केली. मग म्हणाले, "माका कळणा नाय गो. पण जावचा तरी खंय? हयच येवचा."

इस्पितळातली माझी जागा केव्हाच दुसरीला गेली होती. भावजींनी दुसरा संसार मांडला. साठ सालानंतर आई गेली, मग बाबा. माझं लग्न जमवायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. माणसं म्हणतात, देवाच्या मनात काहीतरी असणार. ते काय, याची मी पुष्कळ वर्षं वाट पाहिली. अजून कळलेलं नाही. मी पुन्हा कधी कौल लावला नाही. सोमवारी मात्र देवळात जाते, फूल ठेवते, काही मागत नाही, आणि घरी येऊन एकटीपुरती पेज शिजवते.