मूलवाली

माझं पोट परक्यांच्या पूर्वजांवर चालतं. वरोऱ्यातल्या घरी बसून मी परदेशी लोकांच्या खापरपणज्या शोधते. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो येतात, त्यातली किरटी अक्षरं लावायची आणि घराणं जोडत जायचं. त्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या बाईंचं काम हातात होतं. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती, तेव्हा त्यांची एक पूर्वज नवऱ्यासोबत जहाजाने इंग्लंडहून तिकडे गेली. तिकडच्या कागदांत ती नुसती ‘त्याची बायको’. कुठली, कोणाची लेक, पत्ता नाही.

मी ती शोधली. नवऱ्याच्या गावच्या वहीत पहिल्या पोराचा बाप्तिस्मा सापडेना, तेव्हा म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल. मग आजूबाजूच्या गावांच्या वह्या पालथ्या घातल्या. एका गावात पोरगं सापडलं, आणि त्याच वहीत बरीच पानं मागे त्याची आईही, बापाच्या नावासकट. बाईंनी कौतुकाची लांबलचक ईमेल धाडली. मी आठवडाभर फुशारून घरात सगळ्यांना तेच सांगत होते.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. लेकीला नर्सिंगला सीट लागली होती आणि जात पडताळणीचं प्रकरण अडलं होतं. पन्नास सालाआधीचा पुरावा दहा दिवसांत आणा, नाहीतर प्रकरण बंद, म्हणजे सीटही गेली. जो जातीचा शब्द आमच्या घराने छप्पन्न साली दीक्षा घेताना टाकला, तोच सरकारला जुन्या कागदावर लिहिलेला हवा होता. राग यायचा, पण रागाची नक्कल कुठे जोडता येत नाही.

आजोबा शाळेत गेले नव्हते. राहिलं कोतवाल बुक, म्हणजे गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहायचा ती वही. वरोरा तहसिलीत आमच्या गावची सगळी वर्षं तपासली. शेजारपाजारची पोरं होती, पणजोबांच्या नावावर कोणीच नव्हतं. आजोबा तर त्यांचे एकुलते एक.

मग काकांची वही उघडली. काका मास्तर होते, मरण्याआधी घराण्याची नावं लिहून गेले. सगळे पुरुष. पणजोबांच्या पुढे बायकोचं नाव नाही, एकच शब्द: मूलवाली.

मूलवाली! म्हणजे पदरात मूल घेऊन आलेली. इंग्लंडच्या वह्यांत बिनलग्नाची पोरं पानोपानी भेटायची, माझी नजरच तशी झाली होती. आजोबा पणजोबांचे नसतील तर त्यांची नोंद सापडणार कशी? आणि बाबा शपथेवर जी वंशावळ देणार, ती खोटी ठरणार. मी वही तांदळाच्या कोठीमागे दडवली. बाबांना त्यांच्या आजीचा केवढा अभिमान, त्यांना हे कोणत्या तोंडाने विचारायचं? पाच दिवस मी आतल्या आत धुमसत होते. भात करपवला, लेकीवर विनाकारण ओरडले.

सहाव्या दिवशी बाबांनीच विचारलं, “काकाची वही कुठी आहे वं? वकिलाले वंशावळ द्या लागते.”

“नाई सापडून राह्यली.”

“खोटं काऊन बोलून राह्यली?”

मी वही आणून त्यांच्यापुढे टाकली. “वाचा. तुमची आजी लग्नाआधीच लेकरू घेऊन आली होती काय?”

बाबांनी शब्द वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हात उठतो.

“लेकराले आपन मूल कधीपासून म्हनून राह्यलो? पुन्याचं पानी लागलं तुले,” ते म्हणाले. “अवं, मूलवाली म्हंजे मूलची! चंद्रपूरच्या पुढचं मूल. चिमूरवाली, भद्रावतीवाली, तशी मूलवाली. गावात सुनेले नावानं कोन हाक मारे?”

मूल. लहानपणापासून बसच्या पाटीवर वाचलेलं नाव. अकरा वर्षं पुण्यात काय काढली, काखेतला कळसा दिसेनासा झाला.

“मंग तिचं पह्यलं बाळंतपण?”

“माहेरी. अजून कुठी?”

दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही दोघं निघालो. चंद्रपूरच्या पुढे जंगलात गाड्या थांबल्या, रस्त्यात वाघ बसला होता. लोक मोबाईल काढून हरखले. मी त्या वाघाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

तहसिलीतल्या बाबूने जीर्ण पानांवरून बोट फिरवलं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षात बोट थांबलं. पणजोबांचं नाव, आमच्या गावाचं नाव, तो टाकलेला शब्द, आणि पुढे ‘पुत्र’. आईच्या नावाला रकानाच नव्हता. मी तिथेच रडले, बाबूला वाटलं कोणी गेलं.

परतीच्या बसमध्ये नक्कल बाबांच्या मांडीवर होती. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “त्या इंग्रज बाईचं माहेर तुले बरोबर सुचलं.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोघींचंही पहिलं लेकरू सासरच्या वहीत नव्हतं. इंग्रज बाईबद्दल मी म्हटलं होतं, माहेरी गेली असेल. माझ्या पणजीबद्दल मला तेवढंही म्हणावंसं वाटलं नव्हतं.