आईचे लॉर्डसाहेब

"माझं त्यात काय? मी फक्त भावाच्या आधी जन्मलो."

आमच्या लॉर्डसाहेबांना कोणी पदवीबद्दल विचारलं की हे ठरलेलं उत्तर यायचं आणि ऐकणारा विरघळायचा. मी विरघळत नसे. मीही घरात थोरलाच. त्यांना थोरलेपणात पदवी मिळाली, संसदेत खुर्ची मिळाली. मला दोन बहिणींची लग्नं मिळाली.

लंडनजवळ स्लाऊला त्यांचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना होता आणि मी तिथे प्रॉडक्शन मॅनेजर. कोपरावर भोक पडलेला स्वेटर घालून ते हिंडायचे. लोक म्हणायचे, किती साधा माणूस. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. तसा स्वेटर मी घातला असता तर एचआरने मला बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं असतं. कायदा बदलला आणि वंशपरंपरेने आलेली त्यांची खुर्ची गेली, तेव्हा अकाउंट्सच्या बायकांनी केक आणला. माझं प्रमोशन हुकलं तेव्हा कोणी साधं बिस्किट विचारलं नाही.

हे सगळं मी पचवलं. पचलं नाही ते आईचं.

एकदा ट्रेनचा संप होता म्हणून त्यांनी मला गाडीतून घरी सोडलं. आत येताना त्यांनी दारात बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली होती. तिला इंग्रजी येत नाही. ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"विचार त्यांना, घरात बघणारं कोणी नाही का?"

"आई विचारतेय, चहा घेणार का," मी इंग्रजीत सांगितलं.

"नाही," लॉर्डसाहेब म्हणाले, "त्या मला रागावतायत. प्लीज, त्यांना थांबवू नका."

मग ते दर गुरुवारी येऊ लागले. पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढायचे आणि आई म्हणायची, "खा गुपचूप. नखरे नकोत." ते निमूटपणे खायचे.

"सात वर्षांचा असताना मला बोर्डिंगला धाडलं," ते एकदा मला म्हणाले. "रागवायला घरचं कोणी उरलंच नाही."

मला वाईट वाटलं, खरंच. पण त्याच संध्याकाळी आईने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा माझ्या हातून काढून घेतला. "त्यांच्यासाठी ठेवल्यात." मी बायकोजवळ कुरकुरलो, तर ती हसत सुटली. मला हसू आलं नाही. मी जळत होतो. ज्या माणसाकडे सगळं होतं, त्याला माझ्याकडचं एकच हवं होतं आणि तेही त्याला मिळत होतं.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. आईला घेऊन मी फ्युनरलला गेलो. त्यांच्या गावातल्या चर्चमध्ये भिंतभर त्यांच्याच पूर्वजांची नावं. आम्ही कारखान्यातल्या लोकांबरोबर मागे बसलो. तेवढ्यात त्यांची मुलगी आली. थोरली, पण मुलगी म्हणून पदवी चुलतभावाला गेलेली. तिने आईचा हात धरला आणि तिला पुढे, घरच्यांच्या बाकावर नेऊन बसवलं. आईने मागे वळून पाहिलं नाही.

घरचं कोणी रडलं नाही. त्यांच्यात तशी रीत नाही. आमच्यातही नव्हती. वडील गेले तेव्हा आई माझ्यासमोर रडली नव्हती. मी देश सोडला त्या दिवशी विमानतळावर तिने फक्त विचारलं होतं, "पासपोर्ट घेतलास ना?"

ऑर्गन थांबला आणि पुढच्या बाकावरून एका बाईचे हुंदके ऐकू आले. आईचं रडणं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.