चार्ज न देता सोडलेलं स्टेशन

बाबांना ते स्टेशन दाखवायला नेण्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगून टाकते. आई गेल्यावर महिन्याभरात मी त्यांना भुसावळहून इथे, ओहायोत, माझ्याकडे घेऊन आले होते. त्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला होता आणि तो वाढवून मागायचा अर्ज मी भरून ठेवला होता. फक्त त्यांची सही बाकी होती. चार दिवस तो कागद जेवणाच्या टेबलावर पडून होता. बाबा तो बाजूला सरकवून जेवत आणि उठून जात. नाही म्हणत नसत, हीच पंचाईत.

आम्ही राहतो त्या इथल्या डब्लिनपासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमध्ये एक बंद पडलेलं स्टेशन आहे, असं ऑफिसात कुणीतरी बोललं होतं. बाबांची सगळी नोकरी स्टेशन मास्तर म्हणून गेलेली. म्हटलं, माणूस खूश झाला की सही करेल.

रूळ केव्हाच उचलून नेले होते. खडीतून माणसाच्या उंचीची झुडपं वर आली होती. बाबांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मगच ती खडी ओलांडली. मला हसू आलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"बाबा, त्या तीन पानांच्या वेलीला टच करू नका. आठ दिवस खाज सुटेल."

त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि साहेब तपासणीला आल्यासारखे फिरू लागले. प्लॅटफॉर्म पावलांनी मोजून म्हणाले, "चार डबे. पाचवा बाहेर राहत असणार." लाकडी इमारतीची एक खिडकी पुढे आलेली होती. ती कशाला, ते मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, की खुर्चीतून न उठता दोन्हीकडची गाडी दिसावी म्हणून. सहा महिन्यांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते. आपली पोळी भाजून घ्यायला हीच वेळ बरी, असं मी ठरवलं.

पण ते खिडकीतून आत बघत उभे राहिले. आत फळी मोडून पडली होती आणि जमिनीतून एक झाड उगवून छपरातून बाहेर गेलं होतं.

"इथला शेवटचा चार्ज कुणी कुणाला दिला असेल?" ते म्हणाले.

चार्ज म्हणजे स्टेशनचा ताबा, हे आमच्या घरात पोरासोरांनाही माहीत. बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन वहीत सही करेपर्यंत जुन्याने जागा सोडायची नाही. मी जन्मले तेव्हा बाबांचा रिलीव्हर आला नव्हता, म्हणून त्यांनी मला तिसऱ्या दिवशी पाहिलं. आई हे प्रत्येक पाहुण्याला सांगायची आणि वर म्हणायची, यमानेसुद्धा आधी रिलीव्हर पाठवावा, तरच हे जागचे हलतील. बाबा दर वेळी हसायचे.

"बाबा, त्या फॉर्मचं काय करायचं?"

"करतो सही. तू म्हणतेस तर करतो." ते खिडकीपासून हलले नाहीत. "पण घरी रिलीव्हर कोण आहे?"

"घरी कोणीच नाहीये बाबा. लॉक आहे."

"कुलूप तू लावलंस. मी टॅक्सीत बसलो होतो." आवाज चढला नव्हता. "मला एकदा जाऊ दे. फार दिवस नाही लागणार. तिचं कपाट तसंच आहे. साड्या, औषधांचा डबा, चष्मा. ते माझ्या हाताने आवरतो, घर नीट बंद करतो. मग बोलाव, येतो. कायमचा येतो."

इतक्या महिन्यांत त्यांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आणि माझ्या हातून नको ते होऊन बसलं होतं. गेल्याच महिन्यात मी, घराची किल्ली ज्यांच्याकडे ठेवली होती त्या शेजारच्या काकूंना फोन करून आईचं कपाट रिकामं करायला सांगितलं होतं. बाबांना पुन्हा त्या सगळ्याला हात लावायला लागू नये म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला तसं समजावलं. खरं म्हणजे कामं उरकायची मला सवय आहे. काकूंनी दोन दिवसांत सगळं वाटून टाकलं आणि रिकाम्या कपाटाचे फोटो पाठवले. मी त्यांना थँक्यू लिहिलं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. बाबांनी पट्टा लावला. मी गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली आणि त्यांना सांगितलं. मला त्यांच्यासमोर लाज वाटली आणि त्यांची भीतीही वाटली, लहानपणी कधी वाटली नव्हती तितकी.

ते समोरच्या शेताकडे बघत होते.

"चष्मापण?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.