खोटं न बोलणारी भूक

माझे साडू जेवायला आले की आमच्या घराची जनगणना होते. ठाण्यात पोलिसांच्या एका विभागात ते माहितीचे ढीग उपसतात. लाखो फोन, तिकिटं, भाडेकरार संगणकात घालायचे आणि माणसं चोरून परदेशी पाठवणाऱ्या एजंटांचा माग काढायचा. हे काम ऑफिसात ठेवून येणं त्यांना जमत नाही. एका बारशाला पाळण्याकडे ढुंकूनही न बघता ते दारातल्या चपला बघत बसले आणि यजमानांना म्हणाले, "तीन जोड जास्त आहेत." खरंच, खालच्या हॉलमधल्या साखरपुड्याचे तीन पाहुणे मजला चुकून आमच्या पंगतीत श्रीखंड खात होते. मी स्वतः विजेचं बिल दोनदा तपासणारा माणूस, पण साडूंपुढे अगदीच गबाळा ठरतो. "दाजी, पोळ्या मोजू नका, जेवा," असं बायको दर वेळी बजावते. त्यांचं उत्तर ठरलेलं: "माणूस नाव खोटं सांगेल, पत्ता खोटा देईल. भूक खोटं बोलत नाही."

गेल्या वर्षी ते असेच डोंबिवलीला आमच्याकडे जेवत असताना कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्राच्या ताई रडत आल्या. त्यांची भाची युरोपात नोकरी म्हणून एका एजंटाबरोबर निघाली होती आणि आता तिचा फोन बंद होता. अर्धी पोळी ताटात टाकून साडू उठले. एजंटाचा नंबर शेकडो तिकिटांशी जुळवत त्यांचा संगणक ठाकुर्लीच्या एका सोसायटीपर्यंत पोचला आणि तिथे अडला. फ्लॅट दीडशे, विमान दुसऱ्या दिवशी. चुकीचं दार वाजवलं तर पाखरं उडणार. साडूंनी ताईंना फोन लावला.

"त्या सोसायटीत तुमचे डबे जातात?"

"जातात की."

"एकट्या माणसाचं घर, पण पोळ्या सगळ्यांत जास्त, असं कोण?"

"सातव्या मजल्यावरचा. रोज चाळीस मागवतो. मला वाटलं, पैलवान असेल!"

भाडेकरारातही तो एकटाच होता. संध्याकाळी पोलिसांनी दार उघडलं तेव्हा आत अकरा जण होते. भाची मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली, "पहिल्याच घासाला कळलं गं, पोळी तुझी आहे. पण सांगणार कुणाला?"

पुढच्या रविवारी ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. भाची वाढत होती, हसत होती, नको म्हटलं तरी तूप ओतत होती.

"काय साडू, किती झाल्या?" मी डिवचलं.

"मोजल्या नाहीत हो," ते म्हणाले. मग हातातल्या चतकोराकडे बघत राहिले. "हिला निदान मावशीच्या हातची मिळाली. अजून न सापडलेल्यांच्या पोळ्या कोण लाटत असेल, कुणास ठाऊक."