तोंडाला कुलूप

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे तोंडावरच खांब म्हणत. कापणीच्या टेबलाशी उभी राहिली की आता ट्यूबलाइट डोक्याला लागणार असं वाटायचं. तिची धाकटी बहीण काजाच्या मशीनवर होती आणि इतकी बुटकी, की तिचं नाव टिकली पडलं होतं. आई गेली तेव्हा टिकली सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला कारखान्यात चिकटवण्यापर्यंत सगळं खांबनंच केलं होतं.

कारखान्याचा बायकांचा बास्केटबॉल संघ होता आणि खरं सांगायचं तर त्या संघाकडे एकच डाव होता. टिकली बॉलचे टप्पे मारत यायची, तिला अडवणाऱ्या पोरीच्या वाटेत खांब आडवी उभी राहायची. समोरच्यांची तारांबळ उडायची आणि कोणी कोणाला अडवायचं याच्या अदलाबदलीत खांबच्या वाट्याला टिकलीएवढीच एखादी पोर यायची. झाला मिसमॅच! मग खांब रिंगकडे पाठ करायची, त्या पोरीला पाठीशी दाबून धरायची आणि बॉल जिथे हवा तिथे पंजा उघडायची. टिकलीचा पास नेमका त्या पंजात पडायचा. मागचं काही खांबला दिसत नसे. टिकली हनुवटी ज्या बाजूला हलवील त्या बाजूला ती बिनदिक्कत वळायची आणि बॉल जाळीत टाकायची.

त्या मोसमात टिकलीनं एक नवंच खूळ काढलं.

"ताई, नुसता हात नको दाखवूस. 'दे' म्हणून ओरड."

"का गं? सुपाएवढा पंजा दिसत नाही का तुला?"

"दिसतो गं. पण तू ओरडलीस की मला जोर येतो."

खांब हसली आणि ओरडू लागली. धाकटीचे लाड पुरवायची तिला सवयच होती.

त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला. अकरा वर्षांत चषक एकदाही मिळाला नव्हता. खांबचे गुडघे कुरकुरत होते, हे शेवटचं वर्ष असं तिनं स्वतःच जाहीर केलं होतं. आयुष्यात एकदा तरी तो चषक हातात धरायचा, एवढंच तिला हवं होतं. मध्यंतरात मामांनी तिला बाजूला घेतलं. मामा म्हणजे इस्त्री विभागाचे प्रमुख आणि संघाचे कोच. म्हणाले, "तू ओरडतेस आणि त्यांच्या दोघी धावून येतात. आता तोंडाला कुलूप. फक्त हात."

टिकली शेजारीच बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा नाडीकडे वळली.

शेवटची काही सेकंदं उरली होती, एका गुणानं मागे. खांबच्या पाठीशी खांद्याएवढी पोर, मदतीला कोणी नाही. असा मिसमॅच मागूनही मिळत नाही. खांबनं पंजा उघडला. टिकलीनं सरळ तिच्याकडे पाहिलं, आणि बॉल हातभर डावीकडून रेषेबाहेर गेला.

"डोळे फुटले का तुझे?" खांब सगळ्यांसमोर कडाडली. "अकरा वर्षं घालवलीस माझी!"

आठवड्याभरात टिकलीनं वेगळी खोली घेतली. खांबनं अबोला धरला तो धरलाच. एकाच छताखाली काम करायचं, पण काजाच्या मशीनकडे बघायचं नाही. बाई मोठी हट्टी.

तीन महिन्यांनी खराब शर्टांचा गठ्ठा तपासायला कापणीच्या टेबलावर आला. काजं चुकली होती. खांबनं सवयीनं टेप लावली. पहिलं काज खडूच्या खुणेच्या डावीकडे. दुसरंही डावीकडेच. तिसरं, दहावं, विसावं, सगळी तेवढीच डावीकडे. हलगर्जीपणानं चुकणारा माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. खांब टेप हातात धरून तशीच उभी राहिली. रेषेबाहेर जाणारा बॉल तिला पुन्हा दिसला.

ती मशीनपाशी गेली. टिकली बोटांच्या टोकांनी खडूची खूण चाचपत होती.

"कधीपासून?" खांबनं विचारलं.

"वर्ष झालं." टिकलीनं मान वळवली, पण तिची नजर खांबच्या कानाशेजारी कुठेतरी लागली. "मधोमध सगळं काळं आहे. कडेकडेचं थोडं दिसतं, तेही जाणार. डॉक्टर म्हणाले, उपाय नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू मला खेळू दिलं नसतंस. तुझं शेवटचं वर्ष होतं ताई. तुला बॉल कोणी दिला असता?"

खांबला रडू आवरेना. तिला स्वतःचीच किळस आली. जेवणाच्या सुट्टीत टिकलीनंच तिचा हात धरला. "चल, तो एक पास राहिलाय माझा."

मैदान रिकामं होतं. खांबनं रिंगकडे पाठ केली, गुडघे वाकवले, पंजा उघडला. पाठीशी कोणीच नव्हतं. समोर टिकली बॉल छातीशी धरून, मान तिरकी करून तिला शोधत होती.

"ताई, हात कुठे आहे तुझा? ओरड ना."

खांबनं तोंड उघडलं. हुंदका फुटला, तो तिनं दुसऱ्या तळव्यात दाबला.

"ओरड ना गं ताई. अजून रागावलीयेस का माझ्यावर?"

पंजा तसाच उघडा होता, आणि खांबच्या तोंडून 'दे' काही केल्या निघेना.