पुसेगावचा पत्ता

हिंगोलीत घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सहा वर्षांपासून काम करते. गावागावांतून आलेल्या वायरी आमच्या ऑफिसातल्या एका यंत्रातून बाहेरच्या जगात जातात. त्या यंत्राला फायरवॉल म्हणतात आणि ते सांभाळणं माझ्याकडे आहे. घरं हजारो, पण बाहेरच्या जगाला दिसणारे पत्ते आमच्याकडे मोजून सोळा. म्हणून एकेका पत्त्याआड अख्खं गाव बसवलेलं असतं. पत्त्यांच्या या साठ्याला आम्ही पूल म्हणतो. आखाडा बाळापूरला माझे बाबा बरीच वर्षं शेजाऱ्यांना सांगायचे, पोरगी पुलाच्या कामावर आहे. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

पूल बदलायचा तर काळ्या पडद्यावर कमांड लिहायची आणि एन्टर दाबायचं. चूक झाली तर गावं बंद पडतात. माझ्या हातून फारशी चूक होत नाही, याचा मला मनातून अभिमान होता.

त्या सकाळी नऊच्या सुमाराला पुसेगावहून एका मुलीचा फोन आला. गावातल्या फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवरून बोलत होती. सेंटरला लाइन आमचीच.

"मॅडम, नर्सिंगच्या भरतीचा फॉर्म उघडून नाही राहिला. परवानगी नाही म्हणून येऊन राहिलं."

"शेवटची तारीख कधी आहे?"

"आजच. पाच वाजेपर्यंत."

आठवडाभर सर्टिफिकेटसाठी फिरण्यात गेला होता, असं ती म्हणाली. सेंटरवाल्याच्या मोबाईलवरून करून पाहिलं, पण गावात रेंज कमी, फोटो चढत नव्हता.

मी तपासलं. भरतीच्या साइटने पुसेगावचा पत्ताच अडवून ठेवला होता. त्या पत्त्यावरून काहीतरी वावगं येतंय असा साइटला संशय आला असणार. मी पुलातून तो पत्ता काढला, दुसरा घातला.

"आता बघ."

"उघडलं, ताई," ती म्हणाली. मॅडमची ताई झाली होती.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा बंद. मी तिसरा पत्ता दिला, तोही पंधरा मिनिटांत गेला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गावातलंच कुणाचं तरी एखादं यंत्र बिघडलंय आणि ते सतत बाहेर भलतंसलतं पाठवतंय. मी गावाला नवा पत्ता दिला की तेही त्याच पत्त्यावर येत होतं आणि तो खराब करत होतं. दुसऱ्या गावांशी वाटून घेतलेला पत्ता वापरून पाहिला, तर अर्ध्या तासात बाळापूरहून तक्रारी सुरू झाल्या. माझ्याच गावाहून.

साहेबांचा फोन आला. "काय करून राहिलीस? सगळा पूल नासवशील. आता हात लावू नकोस."

मी हात बाजूला घेतला. कर्सर लुकलुकत होता आणि मला लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं. मुलीला म्हटलं, कागद घेऊन हिंगोलीला ये, माझ्या मोबाईलच्या नेटवरून भरू.

ती दीड वाजता आली. बावीस-तेवीसची असेल. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ओढणीखाली. माझ्या मोबाईलवरून साइट लगेच उघडली. फोटो चढला, सही चढली. शेवटचं बटण दाबल्यावर साइटने सहा आकडे मागितले.

"ते बाबाच्या फोनवर येतेत," ती म्हणाली.

घरात एकच फोन, साधा बटणांचा. फॉर्मला नंबर तोच दिलेला. तिचे वडील मेंढ्या राखतात. सकाळी ते फोन घेऊन साडेदहापर्यंत सेंटरच्या पायरीवर बसून होते. मी पत्ते बदलत होते तेवढा सगळा वेळ. वाड्यात मेंढरं ओरडायला लागली तेव्हा उठले आणि त्यांना घेऊन माळाकडे गेले. तिकडे रेंज नाही. ती हिंगोलीला निघाली तेव्हा फोनची आठवण कुणालाच झाली नव्हती.

नंबर बदलायची सोय साइटवर नव्हती. आम्ही फोन लावत राहिलो, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. तिच्या शेजारच्या काकांना फोन करून मोटरसायकलवर माळाकडे पाठवलं. दर थोड्या वेळाने ती नवे आकडे मागवायची, न जाणो तेवढ्यात रेंज आली तर. मी तिच्यासाठी चहा मागवला, त्याच्यावर साय आली.

पाच वाजून बारा मिनिटांनी वडिलांचा फोन आला. काका त्यांना टेकडीवर घेऊन आले होते. सगळे मेसेज एकदम पडले होते.

"लई आकडे आले बाई," ते म्हणाले. "कोन्ता पायजे तुला?" आणि ते एकेक सावकाश वाचायला लागले. साइट बंद झाली होती. मुलीने त्यांना थांबवलं नाही. सातही मेसेज ऐकून घेतले आणि म्हणाली, "बराबर हाय बाबा. ठेवा आता."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना मला सुचलं. अख्ख्या गावाचा पत्ता बदलायची गरजच नव्हती. त्या एका सेंटरला पुलाबाहेरचा वेगळा पत्ता द्यायचा, दोन ओळींची कमांड. शिकले होते, दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी केलंही होतं. बिघडलेलं यंत्र पुढे सापडलं. एका खताच्या दुकानातल्या कॅमेऱ्याची पेटी. मालकाला पत्ताच नव्हता. पेटी काढली, आठवड्यात सगळं सुरळीत झालं. नंतर ती भरती पुन्हा निघाली नाही.

वर्षभराने ती मुलगी मला हिंगोलीच्या स्टँडवर भेटली. एका खाजगी दवाखान्यात लागली होती. मी तिला ते दोन ओळींचं सांगून टाकलं.

"तुमाला माहीत नव्हतं ना पर?"

"माहीत होतं. त्या वेळी सुचलं नाही."

ती म्हणाली, "माह्या बाबाला अजून वाटतं, मेंढरं सोडली म्हणून फॉर्म हुकला. त्यायला सांगताल का एकदा?"

तिथेच उभं राहून मी त्यांना फोन लावला. चूक माझी होती, तुमची नव्हती, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. मागे मेंढ्यांचा आवाज येत होता. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"व्हय ताई," ते म्हणाले. "पर उठून तर मीच गेलो न्हाई का."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. ते व्हय, व्हय म्हणत राहिले.