आवरलेली खोली

“माझ्या बापाचं घर या खोलीपेक्षा वाईट होतं,” असं ऑल्ड्रिजसाहेब एकदा म्हणाले होते. कामगारांच्या कॅम्पवरच्या खोलीत उभं राहून, सचिनच्या खांद्यावर हात ठेवून.

तेव्हा ते ब्रिटनचे खासदार होते. कामगार कसे राहतात ते बघायला हिवाळ्यात दोह्याला आले होते. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना दिसली ती खोली खरंच बरी होती. सुदाम, धनाजीतात्या आणि सचिन ही माण तालुक्यातली मंडळी आदल्या दिवसापासून राबत होती. जास्तीच्या खाटा गच्चीवर गेल्या. बाकीची पोरं शेजारच्या खोलीत कोंबली. बंद पडलेल्या एसीवर फुलाफुलांचा पडदा सोडला. कुणी सांगितलं नव्हतं, कंपनीनंही नाही. पाहुण्याला आपली अडगळ दाखवायची कशी, एवढंच डोक्यात. तात्यानं शिराही केला. साहेबांनी तो पुन्हा मागून घेतला.

पुढं सुदाम कंपनीचा ड्रायव्हर झाला आणि निवडणूक हरलेले साहेब त्याच कंपनीचे सल्लागार होऊन आले. मागच्या सीटवरून ते आपलं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी सांगत. बाप कोळशाच्या खाणीत होता, छातीत धूळ साठून गेला. साहेब खाणकामगारांचे वकील झाले, मग खासदार, काही काळ मंत्रीही. प्रत्येक भाषणात बापाला उभं करत आणि लोक डोळे पुसत.

“मग लोकांना माझ्या बापाचा कंटाळा आला, सुदाम,” असं म्हणून ते हसले होते. सुदामला ते हसणं आवडलं नाही. माणूस मात्र आवडला.

या जुलैत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, सचिन ड्यूटीवरून येऊन झोपला तो उठलाच नाही. एसी बंदच होता. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, हृदय थांबलं. कंपनी ज्याला त्याला साहेबांचं खोलीबद्दलचं ते वाक्य पुरावा म्हणून दाखवू लागली. आणि उद्या परदेशी पत्रकारांसमोर साहेब स्वतः तेच पुन्हा सांगणार होते. त्यानंतर ती खोली तपासायला कुणी फिरकणार नव्हतं. तात्या अजून तिथंच झोपत होता.

साहेबांना घेऊन येतोय हे सांगायला सुदामनं त्याला फोन केला.

“आरं, पाव्हणा आणतोस तर आधी सांगू न्हाई व्हय? खाटा हलवाया पायजेत!”

“कशाला हात लावू नका, तात्या. पसारा तसाच राहू द्या.”

“लाज न्हाई वाटत?”

“वाटतीय. म्हणून तर आणतोय.”

संध्याकाळी साहेबांना सोडायला हॉटेलकडं वळायच्या ऐवजी त्यानं गाडी एशियन टाउन या कामगारवस्तीच्या बाजारावरून पुढं काढली.

“कुठे चाललोय?” साहेबांनी विचारलं.

“चहाला, सर. तुमच्या जुन्या खोलीवर.”

दार उघडताच उकाडा अंगावर आला. खाटेवर खाट, मधून अंग चोरून जावं लागे. पडदा नव्हता. बंद एसीच्या फटींत पुठ्ठा कोंबलेला. सचिनच्या खाटेवर कुणी झोपत नव्हतं. तिच्या उशाशी फोटो चिकटवलेला होता. त्यात साहेब, त्यांचा हात आणि सचिनचा खांदा.

साहेबांनी वाकून फोटो पाहिला.

“त्या दिवशी या खाटा कुठे होत्या?”

“गच्चीवर, सर.”

“का?”

सुदामला लाजेला इंग्रजी शब्द सापडेना. “तुम्ही पाहुणे होता,” एवढंच तो म्हणाला. मग धीर करून, “सर, उद्या फक्त इतकं सांगा की आता खरी खोली पाहिली.”

“उद्याचं निवेदन छापून झालंय, सुदाम.”

“तुमच्या वडिलांना झोपवलं असतं इथं?”

साहेबांचा चेहरा जागच्या जागी विझला. तेवढ्यात धुतलेला सदरा घातलेला तात्या खाटांमधून वाट काढत आला. करायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी हातात शिऱ्याची बशी होती.

“घ्या साहेब. मागल्या टायमाला आवडला हुता तुमाला.”

साहेबांनी बशी घेतली. बशीकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं. मग ती तशीच सचिनच्या खाटेवर ठेवली, टाय सारखा केला आणि “हॉटेलवर,” एवढं सांगून ते बाहेर पडले.